इतिहास आणि कलेतिहास एकत्र शिकावेत का, आणि शिकायचे तर कसे?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात इतिहास हा मुख्य विषय घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. एम.ए.साठी अर्ज भरण्याची वेळ जवळ आली आहे. इतिहासच पुढे न्यावा, कलेतिहासाकडे वळावे, की दोन्हींचा मेळ बसेल असा अभ्यासक्रम शोधावा, या विचारात मी गेले दोन महिने अडकले आहे.

हा प्रश्न पडला तो कार्ल्याच्या लेण्यांच्या सहलीत. चैत्यगृहाच्या, म्हणजे डोंगरात कोरलेल्या बौद्ध प्रार्थनागृहाच्या, ओसरीत उभे राहून आमच्या इतिहासाच्या सरांनी वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीचा (सावकाराचा) लेख समजावून सांगितला. हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम आहे, असे त्या लेखात म्हटले आहे. त्याच वेळी सोबत आलेल्या चित्रकलेच्या बाई आम्हाला दारांच्या बाजूंची स्त्री-पुरुषांची जोडशिल्पे दाखवत होत्या: पुरुषाचे मुंडासे, स्त्रीची मेखला, एका पायावर तोललेला देह. त्या जोड्यांच्या मधोमध बुद्धमूर्ती आहेत आणि त्या मागाहून, निराळ्या हातांनी कोरल्या आहेत, हेही त्यांनीच लक्षात आणून दिले. मी सरांना विचारले की या जोड्या कोणाच्या दानातून घडल्या, तेव्हा ते म्हणाले की शिल्पांचे बाईंना विचार. बाईंना विचारले, तर त्या म्हणाल्या की दानाचे सरांना ठाऊक. दोघेही उत्तम शिक्षक आहेत, त्यामुळे ही तक्रार नव्हे. परंतु दोघे एकाच भिंतीसमोर पाठीला पाठ लावून उभे आहेत, असे मला त्या क्षणी वाटले आणि ते चित्र अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

जाणकारांना माझे विचारणे असे आहे: दोन्ही विषय शिकू पाहणाऱ्याचे दोन्ही अर्धवट राहतात का? महाराष्ट्रात किंवा जवळपास अशा शिक्षणाची सोय कोठे आहे? घरी वडिलांचा आग्रह स्पर्धा परीक्षांचा आहे, त्यामुळे पोटापाण्याविषयीही कोणी स्पष्ट लिहिले तर उपकार होतील.

चैत्यगवाक्ष

तुमच्या सहलीचे वर्णन वाचून थोडे ओशाळल्यासारखे झाले, कारण त्या सरांच्या जागी मी अनेकदा उभा राहिलो आहे. पदवीच्या वर्गांना मी तीस वर्षे प्राचीन भारत शिकवला. त्यांतली निम्मी वर्षे तरी शिल्पे आणि चित्रे ही पाठ संपल्यावर, वेळ उरलाच तर, दाखवायची गोष्ट आहे अशाच समजुतीत गेली. ती समजूत अजिंठ्याच्या एका चित्राने मोडली. त्याची हकिकत सविस्तर सांगतो, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तीत आहे.

अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात एक दरबाराचे चित्र आहे. टोकदार टोप्या आणि लांब अंगरखे घातलेले परदेशी पाहुणे राजापुढे नजराणे घेऊन आले आहेत. भारतीय वास्तुकलेचे ब्रिटिश अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांनी १८७९ मध्ये असे प्रतिपादन केले की हा राजा म्हणजे बदामीचा चालुक्य सम्राट पुलकेशी दुसरा आणि हे पाहुणे म्हणजे इराणचा बादशहा खुस्रू दुसरा याचे वकील. या तर्काला ग्रंथाचा आधारही होता, कारण पुलकेशी आणि खुस्रू यांच्यातील संपर्काचा उल्लेख तबरी या इतिहासकाराने केलेला आहे. राजकीय इतिहासाला पुरावा हवा होता आणि तो भिंतीवर रंगवलेलाच मिळाला! त्यावरून हे लेणे सातव्या शतकातले ठरले आणि शेजारच्या लेण्यांचा काळही त्याच्या ओढीने पुढे सरकला. पाठ्यपुस्तकांत ते चित्र ‘पुलकेशीच्या दरबारातील इराणी वकिलात’ म्हणून छापले जाऊ लागले, आणि मीही ते तसेच शिकवले.

चूक कोठे होती? चित्र एकटे काढून वाचले गेले, ही चूक होती. त्याच भिंतीवर आजूबाजूला बौद्ध कथा रंगवलेल्या आहेत. भिक्षूंच्या विहारात, कथाचित्रांच्या मधोमध, एखाद्या राजाच्या वकिलातीचा समकालीन प्रसंग कोणी का रंगवील, हा साधा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकांना बराच काळ पडला नाही. पुढे चित्रांचा कथाक्रम वाचणाऱ्यांनी दाखवून दिले की हाही बौद्ध कथेतील राजाचा दरबार आहे. परदेशी व्यापारी त्या काळी सर्वांच्या पाहण्यातले असल्याने दरबाराचे ऐश्वर्य दाखवण्यासाठी चित्रकाराने ते रंगवले, इतकेच. दुसरीकडे सोळाव्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याचा दानलेख आहे. वाकाटकांच्या लेखांवर वासुदेव विष्णु मिराशी यांनी जे काम केले, त्यामुळे या राजवंशाची चौकट पक्की झाली. अमेरिकन कलेतिहासकार वॉल्टर स्पिंक यांनी तर दारांच्या चौकटी, कवाडे फिरण्यासाठी केलेल्या खोबणी, अर्धवट सोडलेले खांब अशा बारकाव्यांवरून असा सिद्धान्त मांडला की उत्तरकालीन अजिंठा बहुतांशी पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, जेमतेम वीस वर्षांत घडला. त्यांनी लावलेला वर्षावर्षाचा हिशेब सर्वांना मान्य नाही, आणि मलाही तो फार नेटका वाटतो. परंतु ही लेणी हरिषेणाच्या काळाभोवतीची आहेत, याकडे आता बहुतेकांचा कल आहे. म्हणजे एका चित्राच्या चुकीच्या वाचनाने सुमारे दीडशे वर्षांची गफलत झाली होती.

उलट बाजूची चूकही तितकीच नेहमीची आहे. शैली ओबडधोबड दिसली की काळ जुना आणि सफाईदार दिसली की काळ नंतरचा, असा सोपा हिशेब कलेच्या बाजूने पुष्कळदा मांडला गेला. काम ओबडधोबड असण्याचे कारण दात्याची थैली लहान होती, हेही असू शकते. ते कळायचे तर लेख वाचावा लागतो, अक्षरवटिका, म्हणजे त्या त्या काळातले अक्षरांचे वळण, ओळखावी लागते, आणि गावातून कोणता व्यापारी मार्ग जात होता हे नकाशावर पाहावे लागते.

तेव्हा दोन्ही शिकल्याने दोन्ही अर्धवट राहतात, हे मला पटत नाही. लेण्यांसारख्या विषयात तर एकच शिकल्याने ते एकही अर्धवट राहते.

वेदिका

वरील प्रतिसाद मनापासून पटला. मी पुण्यात इतिहासात बी.ए. केले आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेत कलेतिहासात एम.ए. केले. आता एका संग्रहालयात नोंदणीचे काम करते. म्हणून सोयींविषयी आणि पोटापाण्याविषयी मी लिहिते.

आपल्याकडे ‘इतिहास आणि कलेतिहास’ अशी जोडपदवी क्वचितच मिळते. बडोद्याला कलेतिहास व सौंदर्यशास्त्र असा स्वतंत्र विभाग असून तो चित्रकला आणि शिल्पकलेच्या विभागांशेजारी वाढलेला आहे. त्यामुळे वर्गातून बाहेर पडले की समोर कोणीतरी प्लास्टर कालवत असते किंवा ब्राँझ ओतत असते. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातही कला आणि सौंदर्यशास्त्राचे स्वतंत्र केंद्र आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व असा एम.ए.चा विषय आहे. तेथे मूर्तिशास्त्र, स्थापत्य, अभिलेख आणि नाणी हे सारे एका छपराखाली शिकता येते, आणि पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया यांच्यापासूनची प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहण्याची शिस्तही तेथे मिळते. टिळक महाराष्ट्र विद्यापीठात भारतविद्या आहे, तर मुंबई विद्यापीठाच्या काही महाविद्यालयांत प्राचीन भारतीय संस्कृती हा विषय आहे. यांपैकी कोठेच सर्व काही मिळत नाही. पुरातत्त्वाच्या बाजूने गेलात तर अठराव्या शतकानंतरची चित्रकला जवळजवळ हाती लागत नाही. बडोद्याच्या बाजूने गेलात तर ब्राह्मी स्वतःहून शिकावी लागते. प्रवेशाचे नियम वर्षागणिक बदलतात, ते त्या त्या संस्थेकडूनच तपासून घ्यावेत.

इतिहासाकडून कलेकडे जाताना काय अंगावर येते, तेही सांगते. पहिल्याच सत्रात आम्हाला एका वीतभर कांस्यमूर्तीसमोर बसवून तिचे वर्णन लिहायला सांगितले होते. ‘सुंदर’, ‘मोहक’, ‘राजस’ हे शब्द वर्ज्य होते आणि राजवंशाचे नावही घ्यायचे नव्हते. मी पाऊण पान लिहून थांबले. चित्रकलेतून आलेला शेजारचा मुलगा चौथ्या पानावर होता, कारण मूर्तीचा भार कोणत्या टाचेवर आहे, वस्त्राची चुणी कोठे संपते, मेणाच्या साच्याची खूण पाठीवर कोठे राहिली आहे, हे सारे त्याला दिसत होते. मी मूर्तीकडे पाहत होते आणि मला फक्त तिचे शतक दिसत होते. सहा महिन्यांनी एका ताम्रपटाचे वाचन आले, तेव्हा तो मुलगा माझ्याकडे वही घेऊन आला, पण ते असो.

आता तुमच्या त्या अनुत्तरित प्रश्नाकडे येते, कारण तो फार चांगला प्रश्न आहे आणि त्याचे निदान अर्धे उत्तर कार्ल्याच्या भिंतीवरच कोरलेले आहे. ओसरीतील लेखांपैकी एकात भदसम नावाच्या भिक्षूने ‘मिथुन’ दान दिल्याचे म्हटले आहे. म्हणजे बाई ज्यांना जोडशिल्पे म्हणत होत्या, त्यांना त्यांचा दाता मिथुनच म्हणतो, आणि तो दाता श्रीमंत श्रेष्ठी नसून चक्क संन्यस्त भिक्षू आहे. दुसऱ्या एका लेखात कोडी नावाच्या भिक्षुणीने वेदिका, म्हणजे दगडात कोरलेल्या कठड्याची नक्षी, दान दिली आहे. तिची ओळख घुणिकाची आई अशी दिली आहे आणि काम नंदिकाने केले असेही सांगितले आहे. (माझे येथील टोपणनाव तिच्या दानावरूनच घेतले आहे.) मागाहून आलेल्या बुद्धमूर्तींसाठी जुन्या नक्षीचे काही भाग तासून काढलेले आजही दिसतात.

परंतु माझा सर्वांत लाडका लेख धेनुकाकटच्या सामीचा आहे. वेणुवासाचा मुलगा सामी याने या घराचे ‘मुख’ म्हणजे दर्शनी दार केले, असे तो लेख सांगतो, आणि सामीचा व्यवसाय ‘वढकी’ असा देतो. वढकी म्हणजे सुतार. डोंगराच्या दगडात कोरलेल्या दाराचे श्रेय एका सुताराला! इतिहासाचा विद्यार्थी येथे एका कारागिराचे नाव, गाव आणि बापाचे नाव टिपून घेतो. कलेचा विद्यार्थी वर पाहतो, तर चैत्यकमानीत दगडाच्या तुळया आणि वासे कोरलेले असतात, ज्यांना दगडात पेलण्यासारखे काहीच काम नसते. आतल्या छताला तर सागवानी लाकडाच्या खऱ्याखुऱ्या फासळ्याच बसवलेल्या आहेत. लाकूडकामाची भाषा दगडात उतरली, असे आम्ही वर्गात शिकतो. ती उतरवणारा हात कोणाचा असेल, हे सामीच्या लेखामुळे कळू लागते. लेख आणि कमान यांच्यामधले अंतर फार तर काही हातांचे असेल, पण विद्यापीठांत ती दोन वेगळ्या इमारतींत शिकवली जातात.

पोटापाण्याचे मात्र गोड बोलून सांगण्यासारखे नाही. महाविद्यालयात शिकवायचे असेल तर नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेत इतिहास हा एक विषय आहे आणि कलेतिहास दृश्यकलेच्या विषयात मोडतो. कोणत्या विषयात पदव्युत्तर पदवी आहे, यावर तुमची पात्रता ठरते, आणि मधल्या जागेत उभे राहणाऱ्याला दोन्हीकडून विचारणा होते की नेमके तुम्ही कोणाचे? पदव्युत्तर पदवीच्या नावावर ‘इतिहास’ हा शब्द हवा की नको, हे आत्ताच ठरवावे. संग्रहालये, पुरातत्त्व खाते, खासगी संग्रहांची सूची करणे, प्रकाशनसंस्था आणि लिलावसंस्था येथे जागा असतात, परंतु त्या थोड्या असतात आणि सुरुवातीचे मानधन घरी सांगताना आवाज खाली येतो. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासात कला आणि संस्कृती हा भाग असतोच, एवढे वडिलांना जरूर सांगा.

बोरू

मी थोडा वेगळा सूर लावतो. वरील दोन्ही उदाहरणे लेण्यांची आहेत, आणि लेण्यांत लेख भिंतीवरच कोरलेले असल्याने इतिहास आणि कला यांची गाठ आपोआप पडते. माझे काम पेशवाईच्या कागदांवर चालते, आणि तेथे अशी गाठ फुकट मिळत नाही.

दोन वाड्यांची गोष्ट घ्या. पुण्याच्या शनिवारवाड्यातील भिंतींवर चित्रे होती, पण १८२८ च्या आगीत वाडा भस्मसात झाला आणि आज आपल्या हाती तट, दरवाजे, जोती आणि कागद एवढेच आहेत. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यात भिंतीवरची चित्रे अजून आहेत, फिकट झालेली, पण आहेत. एके ठिकाणी चित्रांविना कागद आहेत आणि दुसऱ्या ठिकाणी रंग आहेत. या दोहोंचा सांधा जुळवायचा, तर रुमाल (कागदांची कापडात बांधलेली गाठोडी) सोडून मोडी कागद वाचता आले पाहिजेत, आणि त्या हिशेबांत रंग, चुना आणि चिताऱ्याची मजुरी यांच्या नोंदी कोणत्या नावांनी येतात हे ओळखता आले पाहिजे. हे कौशल्य दोन वर्षांच्या संयुक्त अभ्यासक्रमात, इतर आठ विषयांच्या दाटीत येत नाही. लिपी आठवड्यात येते, पण वाचन यायला वर्षे जातात.

म्हणून माझा सल्ला असा की मुख्य शिक्षण इतिहासाचेच घ्यावे आणि त्याला एक लिपी व एक भाषा पक्की जोडावी. प्राचीन काळ आवडत असेल तर ब्राह्मी आणि प्राकृत, नंतरचा आवडत असेल तर मोडी आणि फारसी. कलेतिहास वाचून आणि पाहून पुष्कळसा शिकता येतो, पण दप्तर वाचायला कोणी बसवल्याशिवाय माणूस बसत नाही. कलेतिहासाच्या काही चर्चासत्रांत मी जे ऐकले, त्यात परदेशी विचारवंतांची नावे पुष्कळ होती आणि समोरच्या वस्तूचे माप कोणीच घेतलेले नव्हते. ही माझी कटुता असेल, तिला तेवढीच किंमत द्यावी.

तरीही तुमचा जीव चित्रांतच गुंतला असेल, तर एक विषय सुचवतो. पेशव्यांच्या दरबारातील ब्रिटिश रेसिडेंट (वकील) चार्ल्स मॅलेट याच्या काळात, १७९० च्या दशकात, जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला होता, आणि गंगाराम तांबट हा पुण्याचा कलावंत या दोघांसाठी रेखाटने करत होता. वेरूळच्या लेण्यांपासून पेशव्यांकडील गेंड्यापर्यंत त्याने बरेच काही कागदावर उतरवले. तांबट हे आडनावच धातुकामाशी नाते सांगते. त्याची रेखाटने आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत, आणि त्याच्या भोवतालचे पुणे पेशवे दप्तरात आहे. हा अभ्यास करणाऱ्याला दोन्ही विद्या लागतील, हे मी नाइलाजाने कबूल करतो.

चैत्यगवाक्ष

बोरू यांचा भाषेचा आग्रह रास्तच आहे. फक्त ‘कलेतिहास वाचून शिकता येतो’ या वाक्याला माझी हरकत आहे. फर्ग्युसन यांच्याइतक्या इमारती त्या काळी क्वचितच कोणी हिंडून पाहिल्या असतील, तरीही ते त्या दरबारी चित्रापुढे फसले. पाहण्यालाही कोणीतरी बसवावे लागते. वेदिका यांच्या वर्गातील ती वीतभर मूर्ती मला माझ्या पदवीच्या वर्षांत कोणी समोर ठेवली असती, तर पंधरा वर्षे वाचली असती.

कृष्णाकाठ

आपण सर्वांनी इतका वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. सामी सुताराविषयी वाचल्यावर मी सरांना आणि बाईंना, दोघांनाही तो मजकूर पाठवला. दोघांनी मिळून पुन्हा कार्ल्याला जाण्याचे ठरवले आहे आणि मला वही घेऊन बोलावले आहे.

घरी बोलणे झाले. इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व अशा एकत्र विषयासाठी पुण्यात अर्ज करावा, सोबत ब्राह्मीचा वर्ग लावावा आणि दुसरा अर्ज बडोद्याला करावा, असे ठरले आहे. वडिलांनी तिसरा अर्ज स्वतःच्या हाताने भरला आहे, तो कोणत्या परीक्षेचा हे सांगायला नको. एवढ्यात पदवीच्या प्रकल्पासाठी मी कार्ल्याच्या ओसरीतील तासून काढलेली वेदिका हा विषय घेऊ पाहते आहे. तेथे गेल्यावर प्रथम काय करावे?

वेदिका

शक्यतो सुट्टीच्या दिवशी जाऊ नये. एकवीरेच्या दर्शनाची रांग चैत्याच्या तोंडाशीच असते आणि ओसरीत पाच मिनिटेही एका जागी उभे राहता येत नाही. पहिल्या फेरीत छायाचित्रे काढू नयेत. ओसरीच्या मागच्या भिंतीचा एक लांबट आराखडा कागदावर हाताने काढावा आणि त्यात तीन दारे, जोड्या, बुद्धमूर्ती, वेदिकेचे पट्टे आणि लेख यांच्या जागा मांडाव्यात. प्रत्येक लेख कोणत्या वस्तूच्या किती जवळ आहे, हे टेपने मोजावे, कारण छापील लेखसंग्रहांत लेखांचे पाठ मिळतात, पण लेखाचे त्याच्या वस्तूपासूनचे अंतर सहसा मिळत नाही. नंतर तेथील कर्मचाऱ्यांना विचारून एक साधी विजेरी भिंतीला जवळजवळ चिकटवून, बाजूने धरावी. समोरून टाकलेल्या उजेडात जे सपाट दिसते, त्यात तिरप्या उजेडात छिन्नीचे फटकारे उठून येतात. जुन्या वेदिकेवरचे आणि बुद्धाभोवतीच्या खोलगट भागातले फटकारे एकाच रुंदीचे आहेत का, तेवढे पाहा आणि येथे लिहा. मलाही ते जाणून घ्यायचे आहे.